पहिल्याचं एक्केचाळिसावं मरण

भुताच्या सिनेमात सगळ्यात आधी कोण मरतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. चौकीदार मरतो. ओसाड बंगल्यात नवं कुटुंब राहायला येतं, नवरा सगळ्यांना "भूतबीत काही नसतं" म्हणून सांगत फिरतो, बायकोला जिन्यात कोणाचा तरी श्वास ऐकू येतो, पोर भिंतीशी बोलतं, आणि फाटकाशी एक चौकीदार बसलेला असतो. तो बॅटरी घेऊन उठतो, "कोण आहे तिकडे?" म्हणतो. तिकडे कोणी नसतं. एक मांजर उडी मारून जातं, थेटरातली माणसं दचकतात, मग हसतात, चौकीदारही हसतो, मागे वळतो आणि संपतो. दहाव्या नाहीतर बाराव्या मिनिटाला. सिनेमा खरा त्यानंतर सुरू होतो.

मरायचं हे काम सव्वीस वर्षं एकच माणूस करत आला होता. त्याचं खरं नाव बायको आणि पोस्टमन सोडून कोणाच्या लक्षात नव्हतं. स्टुडिओत त्याला 'पहिला' म्हणत, कारण सगळ्यांत आधी मरायचा तो. पहिला आला का, पहिल्याला चहा द्या, पहिल्याला आडवा करा. नवीन पोरं 'पहिलेकाका' म्हणायची. अंगाने काटकुळा, डोळे वाटीएवढे, आणि गळ्याची घाटी अशी की भुताला वेगळं सांगावं लागू नये कुठे धरायचं ते. चाळीस वेळा मेला होता. गळा दाबून, विहिरीत ओढून, झाडाला लटकून. एकदा तर कपाटाने गिळला होता, त्या सिनेमाचं पुढे काय झालं ते न विचारलेलंच बरं.

त्याची बायको त्याच स्टुडिओत कपडेपटात शिवणकाम करायची. त्याचे खाकी शर्ट तीच तयार करायची, आणि त्यात तिची एक खुबी होती. छातीवरची शिवण ती कच्च्या टाक्यांची ठेवायची, म्हणजे भुताने पंजा मारला की शर्ट एका झटक्यात टर्रकन फाटायचा. प्रत्येक टेकनंतर ती सुई घेऊन पुढे यायची आणि नवऱ्याला उभ्या उभ्या पुन्हा शिवायची. "लोकांच्या बायका नवऱ्याचे कपडे टिकावेत म्हणून शिवतात, मी फाटावेत म्हणून शिवते," असं म्हणायची आणि दाताने दोरा तोडायची. खोटं रक्त साखरेच्या पाकाचं असतं. त्यामुळे त्यांच्या घरात मुंग्या कायमच्या राहायला होत्या.

पहिल्याला मरायचं वाईट वाटत नव्हतं. काम ते काम. त्याचं दुखणं वेगळंच होतं. चाळीस सिनेमांत एकाही मालकाने सकाळी उठून 'आपला चौकीदार कुठे गेला?' असं विचारलं नव्हतं. फाटक सताड उघडं, बॅटरी चिखलात पडलेली, आणि ही मंडळी वर नाश्ता करतायत! कोणाची बायको डबा घेऊन आली नाही, कोणाचा भाऊ शोधायला आला नाही. त्याने एकदा एका दिग्दर्शकाला हे विचारलंही होतं. तो म्हणाला, "वेग जातो हो त्याने." माणूस गेला तरी चालेल, वेग जाता कामा नये.

आता दोरवाल्याची गोष्ट. भूत हवेत तरंगतं ते कोणाच्या तरी दंडाच्या जोरावर. सेटच्या वर, दोन मजले उंच, लाकडी फळ्यांवर बसून जो माणूस ती दोरी सोडतो आणि ओढतो, तो दोरवाला. हा आणि पहिला एकाच महिन्यात कामाला लागले होते. एकाच गल्लीत राहायचे, इमारती शेजारी-शेजारी. दोरवाल्याची एक सवय साऱ्या गल्लीला पाठ होती. कामावरून आला की तो जिन्याच्या खालच्या पायरीपाशी थांबायचा आणि वर तोंड करून हाक मारायचा, "अगं एऽऽ!" तिसऱ्या मजल्यावरून बायको "ओऽ!" द्यायची. मग तो जिना चढायचा. तोवर नाही. भांडण झालं असलं की ती मुद्दाम गप्प राहायची, आणि हा बाबा पायरीवर बसून राहायचा. एकदा दीड तास बसला होता. येणारे-जाणारे त्याला ओलांडून जात होते, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने उशी आणून दिली. शेवटी वरून रडक्या आवाजात "ओ" आली तेव्हा अख्ख्या इमारतीने सुटकेचा श्वास सोडला.

पहिल्याच्या एक्केचाळिसाव्या मरणाचं चित्रीकरण चाललं होतं, त्या दिवशी हा दोरवाला वरून पडला.

वरची एक फळी तडकलेली होती. त्याने तीनदा सांगितलं होतं. "हे वेळापत्रक उरकू द्या, मग बदलू," असं तिन्ही वेळा उत्तर मिळालं होतं. पहिला खाली ठरलेल्या खुणेवर उभा होता, मान वर, तोंड उघडं, भूत कधी उतरतंय याची वाट बघत. भुताच्या आधी दोरवाला उतरला. पडता पडता ओरडला, काय ओरडला ते त्या धांदलीत कोणाच्या डोक्यात शिरलं नाही, आणि मग आवाज बंद झाला. स्टुडिओच्या गाडीतून त्याला नेलं. रस्त्यातच गेला.

अकरा वाजता हे झालं. तीन वाजता काम पुन्हा सुरू झालं. नवी फळी पंधरा मिनिटांत बसली, कारण ती कोपऱ्यात तयारच पडली होती. दिग्दर्शक तरुण होता, हळू आवाजात बोलायचा, कोणाला अरे-तुरे करायचा नाही. त्याने सगळ्यांना गोल उभं केलं, दोन मिनिटं मान खाली घातली आणि म्हणाला, "काम न थांबवणं हीच त्यांना खरी श्रद्धांजली." पहिल्याच्या बायकोला शर्टाला नवे टाके घालायला सांगितलं. तिने घातले. पहिल्याला खुणेवर उभं राहायला सांगितलं. तो राहिला. जिथे दोस्त पडला त्या जागेपासून चार पावलांवर तीन वाजून वीस मिनिटांनी तो मेला, आणि एकाच टेकमध्ये मेला, शाबासकीही मिळाली. 'नाही' म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. ह्या गोष्टीचा त्याला पुढे इतका संताप यायचा की दाढी करताना आरशातल्या तोंडावर थुंकावंसं वाटायचं.

दोन महिने गेले. पहिल्याला डबिंगला बोलावणं आलं. त्याला एकच वाक्य बोलायचं असायचं, "कोण आहे तिकडे?" किंकाळी त्याची कधीच नसायची, ती कपाटातून यायची. साउंडवाल्याकडे जुन्या किंकाळ्यांचा साठा असतो, बायकांच्या, बाप्यांच्या, घोड्यांच्यासुद्धा. जी बसेल ती लावायची. ह्या साउंडवाल्याच्या कानांवर बारा महिने हेडफोन, म्हणून त्याला सगळे 'कानवाला' म्हणत.

पहिल्याने तीनदा विचारलं, कोण आहे तिकडे. तिसरं पसंत पडलं. तेवढ्यात कानवाल्याला कोणीतरी बाहेरून बोलावलं आणि तो पडद्यावरचं चित्र थांबवायला विसरून गेला. पहिला कानाला हेडफोन लावून एकटाच बघत राहिला. मांजर गेलं. तो हसला. वळला. त्याचं स्वतःचं तोंड पडदाभर उघडलं आणि त्यातून दोरवाल्याचा आवाज आला.

ताणला होता, घुमवला होता, शेवटाला कसलीशी वाऱ्याची शीळ जोडली होती. दुसऱ्या कोणाला ती नुसती किंकाळी वाटली असती. पण सव्वीस वर्षं जिन्याच्या तोंडाशी जो आवाज ऐकला, तो माणूस ओळखणार नाही? "अगं एऽऽ!" पडता पडता दोरवाल्याने बायकोला हाक मारली होती, आणि ती हाक आता पहिल्याच्या तोंडात कोंबली होती.

कानवाला परत आला तो दारातच थबकला.

"माईक चालू होता, काका," तो म्हणाला. "त्या दिवशी. बंद करायचं सुचलंच नाही. साहेबांनी नंतर सगळं ऐकलं…"

"आणि तू दिलंस."

"मागितलं त्यांनी."

"मागितलं! उद्या तुझ्या आईचं शेवटचं कण्हणं मागतील. देशील?"

कानवाल्याने हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवले. त्याचंही वय ते काय, आणि नोकरी ती काय. पण पहिल्याला त्या दिवशी कोणाची कीव करायची नव्हती. तो तसाच, कोणाला न विचारता, दिग्दर्शकाच्या खोलीत घुसला.

दिग्दर्शकाने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं. शिव्या देणारा माणूस परवडला. हा मान हलवत होता.

"काका, तुमचं दुःख मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण तुम्हीच सांगा, शंभर टेक घेऊन अशी किंकाळी मिळेल? लोकांना खोटं लगेच कळतं. लोक भीती विकत घ्यायला येतात. खरी भीती. ती आपल्याकडे आहे. एका अर्थी ते ह्या सिनेमात अमर झाले."

"खरी भीती विकत घ्यायला येतात?" पहिला म्हणाला. त्याचा आवाज चढला. "साहेब, तुम्ही किती वेळा मेलात? मी चाळीस वेळा मेलोय, आणि प्रत्येक वेळी थेटरात मागे उभा राहून लोकांचे खांदे बघितलेत. लोक येतात कारण त्यांना ठाऊक असतं की मेलेला माणूस उठून चहा पितो. तेवढ्या भरवशावर ते घाबरतात. पोरगी पोराचा हात धरते, म्हातारा तोंडावर रुमाल घेतो, आणि दिवे लागले की सगळे एकमेकांकडे बघून हसतात. आपण नाही गेलो, तो गेला, आणि तोही खोटा गेला. ह्या बोलीवर ते तिकीट काढतात. तुम्ही त्यांना न सांगता खरं मढं दाखवताय. फसवताय त्यांना, आणि तिलाही."

"कोणाला?"

"त्याच्या बायकोला! रविवारी ती येईल की बघायला."

दिग्दर्शकाने घड्याळाकडे बघितलं. "त्यांना कसं कळणार? शब्द ओळखूच येत नाहीत. तुम्ही सांगितलं नाहीत तर कोणालाच कळणार नाही, काका." आणि वर बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

त्या बिस्किटांचा राग पहिल्याला आयुष्यभर पुरेल.

रविवारचं असं होतं. सिनेमा बाहेर जायच्या आधीच्या रविवारी सकाळी, स्टुडिओच्या छोट्या थेटरात, कामगारांच्या घरच्यांसाठी एक खेळ लागायचा. तो खेळ बघण्यासारखा असे, सिनेमा कसाही असो. दार करकरलं की सुताराची पोरं टाळ्या वाजवायची. वीज चमकली की दिवेवाल्याची म्हातारी आई "आमचा, आमचा!" म्हणून शेजारणीला ढोसायची. भूत कोणालाच भिववत नसे, कारण जो तो आपल्या माणसाचं काम शोधत असायचा. दोरवाल्याची बायको तिसऱ्या रांगेत बसायची आणि भूत तरंगायला लागलं की भुताकडे न बघता त्याच्या डोक्यावरच्या अंधारात बघायची. यंदाही ती येणार होती. सिनेमातली अर्धी दोरी त्याच्या हातची होती.

घरी आल्यावर पहिल्याने बायकोला सगळं सांगितलं. ती शिवणयंत्रावर होती. तिचा पाय थांबला.

"मी तिला सांगतो, रविवारी येऊ नको म्हणून," तो म्हणाला. "पडेल सिनेमा आहे, डोकं दुखेल, काहीतरी थाप मारतो."

"म्हणजे साहेब म्हणाला तेच करणार. कळू द्यायचं नाही."

"अगं, तिच्या जिवाला…"

"अहो, त्याने हाक तिला मारली. तुम्हाला नाही, मला नाही, त्या मेल्या साहेबाला तर नाहीच नाही. तिची वस्तू आहे ती. आपण कोण लपवणारे? त्या दिवशी तोंडं शिवून बसलो ते काय कमी झालं? टाके मीही घातलेच की." आणि तिने यंत्राचं चाक असं काही फिरवलं की दोराच तुटला.

दोरवाल्याची बायको औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायची. संध्याकाळी सहाला ती घरी आली तेव्हा पहिला जिन्याच्या खालच्या पायरीपाशी उभा होता. बसायचा धीर त्याला झाला नाही. तिच्या मागोमाग तीन मजले चढला आणि पाणी येईपर्यंतही न थांबता, उभ्या उभ्या, सांगून मोकळा झाला.

ती भांड्यांच्या फळीला टेकून ऐकत होती.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"'अगं ए' म्हणाला, वहिनी."

"पुरं म्हणाले? का मध्येच…"

"पुरं म्हणाला."

ती माठाकडे वळली, पेला बुडवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, कोणाचं नाव घ्यायलाही वेळ मिळाला नसेल." तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. "रविवारी किती वाजता आहे, भावजी?"

"वहिनी, तुम्ही नका…"

"किती वाजता?"

"दहा वाजता."

रविवारी थेटर गच्च भरलं. दिग्दर्शक शेवटच्या रांगेत, पाहुण्यासारखा हसत. पहिला बायकोशेजारी बसला. फाटक करकरलं, सुताराच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. वीज चमकली, म्हातारीने शेजारणीला ढोसलं. पडद्यावरचा पहिला उठला. कोण आहे तिकडे? मांजर गेलं, लोक हसले, "अहो काका, पळा आता!" म्हणून कोणीतरी ओरडलं. तो वळला. तोंड उघडलं. आणि छतापासून खुर्च्यांपर्यंत ती हाक भरून राहिली.

तिसऱ्या रांगेतून उत्तर आलं. "ओऽऽ!"

ओरडून नाही, रडून नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली ऐकू जावी तेवढ्या आवाजात, रोजच्यासारखी दिलेली ओ.

थेटरात पोरं रडायला लागली. मोठ्यांना काही कळेना. मग गल्लीतल्यांना कळलं, आणि रांगेमागून रांग ते कळत मागे गेलं. दिवेवाल्याच्या म्हातारीने तोंडात पदर कोंबला. कोणीतरी पडदा बंद केला, दिवे लागले. ती उभी होती.

"साहेब," ती मागे वळून म्हणाली, "माझ्या माणसाने मला मारलेली हाक आहे ती. तिकीट लावून लोकांना काय ऐकवताय?"

मग जो गलका झाला तो लिहिण्यातला नाही. सुतार दारात जाऊन उभे राहिले. जुन्या दोरवाल्यांपैकी एक म्हणाला, ही हाक निघाल्याशिवाय ह्या स्टुडिओत दोरी हलणार नाही. दिग्दर्शक पुढे आला, हात जोडले, आवाज चढवला नाही. म्हणाला, "मी तुमच्यातलाच आहे. पण सिनेमा पहिल्या भीतीवर उभा असतो. ती बसली तर पुढचे दोन तास लोक खुर्चीला धरून राहतात. ती किंकाळी काढली आणि हा सिनेमा पडला, तर पुढचा सिनेमा नाही. पुढचा नाही म्हणजे कोणालाच काम नाही. बघा बुवा, तुम्ही ठरवा." आणि सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे: दारात उभ्या असलेल्यांतले निम्मे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. ज्याच्या घरी चूल आहे त्याला असं बोलून गप्प करता येतं, हे त्या गोडबोल्याला बरोबर ठाऊक होतं.

पहिला उठला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणी 'उठा' न म्हणता उठला.

"ती किंकाळी काढा आणि दुसरी लावूही नका," तो म्हणाला. "काहीच लावू नका. वारा नको, वाद्य नको. माझं तोंड उघडं आणि आवाज बंद. बुधवारी तुम्ही रस्त्यावरची माणसं बोलावणार आहात ना, सिनेमा कसा वाटतो ते बघायला? त्यांना दाखवा. माणसं जागेवरून उडाली नाहीत, तर…"

"तर ती किंकाळी राहील," दिग्दर्शक पटकन म्हणाला. "सगळ्यांसमोर बोलताय, काका. मग कोणी तक्रार करायची नाही."

पैज पहिल्याच्या जिवाची नव्हतीच. दुसऱ्याची वस्तू लावत होता तो. त्याने तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

"तुम्हाला नक्की ठाऊक आहे, भावजी?" तिने विचारलं.

"चाळीस वेळा मेलोय, वहिनी. लोक किंकाळीला घाबरत नाहीत. किंकाळी आली की सुटतात ते. तिच्या आधीच्या गप्प बसण्याला घाबरतात."

"मग लावा पैज," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी पन्नास-साठ अनोळखी माणसं आली. कॉलेजची पोरं, दुकानात काम करणाऱ्या मुली, पाळी संपवून आलेल्या दोन नर्सबाई, पॉपकॉर्नचा डबा मांडीत घेतलेला एक जाडजूड गृहस्थ. पहिला नेहमीसारखा मागे भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारी दिग्दर्शक. पलीकडे दोरवाल्याची बायको, कारखान्याच्या निळ्या अंगरख्यातच, अर्धा दिवस रजा टाकून आलेली.

मांजर गेलं. खांदे वर गेले, खाली आले. हशा पिकला. जाडजूड गृहस्थाने मूठभर पॉपकॉर्न उचललं. पडद्यावरचा पहिला वळला, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. एक श्वास गेला. गृहस्थाची मूठ तोंडाशी थांबली. दुसरा श्वास. पुढच्या रांगेत एका मुलीने "आवाज गेला का?" असं कुजबुजत विचारलं. पहिल्याची बोटं भिंतीच्या पोपड्यात रुतली. चुकलं, त्याच्या मनात आलं, सगळं चुकलं, त्या बाईचं शेवटचं होतं तेही मी घालवलं. तिसऱ्या श्वासाला पंजा आला, कच्चे टाके निःशब्द उसवले, आणि तीच कुजबुजणारी मुलगी जिवाच्या आकांताने किंचाळली. तिच्यामागून सगळं थेटर. पॉपकॉर्न वर उडालं. एक नर्सबाई दुसरीच्या मांडीत. पडद्यावर जी जागा रिकामी होती ती साठ माणसांनी आपापल्या घशाने भरून काढली, आणि मग ती माणसं एकमेकांकडे बघून हसली, हात सोडवले, पॉपकॉर्न वेचू लागली. खोटं होतं. सगळे जिवंत होते. त्यांचा राग कसा करायचा?

दिग्दर्शकाचा राग मात्र करता येत होता. तो डोळे चमकावत वळला. "काका! काय कल्पना आहे! मौनाची किंकाळी! हे म्हणजे…" पेपरात उद्या हे वाक्य कोणाच्या नावावर जाणार, ते पहिल्याला त्याच क्षणी दिसलं. पुढे झालंही तसंच.

"कल्पनाबिल्पना काही नाही," पहिला म्हणाला. "तुमच्या बापाची नव्हती ती वस्तू, ती काढून जागा मोकळी केली. आणि पुढच्या सिनेमात चौकीदार हवा असेल तर आधी कागदावर लिहून आणा, तो मेल्यावर त्याला शोधायला कोण येतं ते. कोणी येत नसेल तर तुम्हीच उभे राहा फाटकाशी. घाटी बरी आहे तुमची."

दुसऱ्या दिवशी कानवाल्याच्या खोलीत चौघंच होती: तो, पहिला, पहिल्याची बायको आणि दोरवाल्याची बायको. ती हाक तीन ठिकाणी साठवलेली होती. कानवाल्याने तिन्ही ठिकाणं पडद्यावर काढून दाखवली, काही लपवलं नाही. मग खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, ताणलेली-बिणलेली नाही, मूळची आहे माझ्याकडे. हवी तर तुमच्या फोनवर देतो. तुमच्यापाशी राहील. कधी वाटलं तर ऐकता येईल."

पहिल्याला वाटलं, घेईल ती. कोणीही घेतलं असतं. त्याच्या बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "ओ दिल्याशिवाय ते जिना चढत नाहीत. दोन महिने खालच्या पायरीवर बसून होते, आणि मला मेलीला पत्ता नाही. रविवारी ओ दिली. आले वर. आता पुन्हा खाली उभं करून हाका कशाला मारायला लावता? पुसा."

कानवाल्याने पुसलं. तिन्ही ठिकाणचं.